टेलकडचा तालुका आणि अकरा वेळचा आमदार

एसटीच्या जुन्या लाल गाडीत सीटांच्या वरच्या पत्र्यावर रंगानं लिहिलेलं असायचं. कुठं ‘महिलांकरिता’, कुठं ‘अपंगांकरिता’ आणि पुढच्या बाजूच्या एखाद्या सीटवर ‘आमदार/खासदार’. आम्ही मुलं हटकून त्या शेवटच्या पाटीखाली बसायचो, कारण तिथून उठवायला कुणी आमदार येणार नाही हे कंडक्टरसकट सगळ्यांना ठाऊक होतं. सांगोल्याच्या गाड्यांमध्ये मात्र ती सीट खरोखर लागायची. तिथले आमदार गणपतराव देशमुख मंत्रिपद सांभाळून झाल्यावरही एसटीनं हिंडायचे.

त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी पुष्कळ सांगून झाल्यात. मला त्यांच्याबद्दल लिहायचंय ते दुसऱ्याच कारणानं. आमदार नेमकं काय काम करतो, असं कुणी विचारलं तर आपल्यातल्या बहुतेकांना धड सांगता येत नाही. रस्ता, गटार, समाजमंदिर, लग्नाला आणि मयतीला हजेरी, इथवर येऊन आपण थांबतो. गणपतरावांचा पक्ष बहुतेक काळ विरोधात राहिला आणि निवडणुकीगणिक आटत गेला. तरीही एकाच मतदारसंघानं त्यांना अकरा वेळा निवडून दिलं. हे कसं घडलं ते नीट पाहिलं, तर आमदारकी म्हणजे काय काम असतं हेही कळत जातं.

गणपतरावांचा जन्म १० ऑगस्ट १९२६चा, सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात पेनूरचा. वकिलीचं शिक्षण घेतलं, सांगोल्याला वकिली सुरू केली आणि तिथलेच होऊन गेले. तालुक्यानं त्यांना ‘आबा’ केलं. पक्ष शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. स्वातंत्र्याच्या सुमारास काँग्रेसमधला बहुजन, शेतकरी आणि डाव्या विचारांचा एक मोठा गट बाहेर पडला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारख्या माणसांनी हा पक्ष उभा केला. पुढं खुद्द जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परतले, त्यांच्यामागून आणखीही बरेच गेले. यशवंतराव चव्हाणांच्या काळात तर काँग्रेसमध्ये जाणं हाच शहाणपणाचा रस्ता मानला जायचा. गणपतराव गेले नाहीत. १९६२ साली सांगोल्यातून ते पहिल्यांदा निवडून आले तेव्हा २६४ जागांच्या विधानसभेत काँग्रेसचे २१५ आमदार होते आणि शेकापचे १५.

आता अकरा विजयांचा हिशेब एकदा मांडून घेऊ, कारण त्यातूनच निवडणुकांच्या बऱ्याच गोष्टी समजतात. १९६२ आणि १९६७ला ते जिंकले, १९७२ला हरले. बांगलादेश युद्धानंतरच्या त्या लाटेत राज्यात काँग्रेसनं २७० पैकी २२२ जागा घेतल्या होत्या. पण १९७४ला सांगोल्यात पोटनिवडणूक लागली आणि ते परत आले. पोटनिवडणुकीतून आलेल्या आमदाराला नवी पाच वर्षं मिळत नाहीत, सभागृहाची उरलेली मुदत तेवढी मिळते. ती मुदत आणीबाणीत लांबली, म्हणून १९७२ची विधानसभा १९७८पर्यंत चालली. उलट १९७८ला निवडून आलेलं सभागृह दोन वर्षांत बरखास्त झालं, त्यामुळं १९८०ला पुन्हा निवडणूक. मग १९८५ आणि १९९०. १९९५ला हार, आणि नंतर १९९९, २००४, २००९, २०१४. शेवटच्या विजयाच्या वेळी त्यांचं वय ८८ होतं.

त्यांच्याविषयी लिहिताना ‘देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेले आमदार’ असं सर्रास म्हटलं जातं. ते बरोबर नाही, आणि त्याची गरजही नाही. तमिळनाडूत एम. करुणानिधी १३ वेळा निवडून आले, अर्थात मतदारसंघ बदलत. केरळात के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा आले. महाराष्ट्रात मात्र गणपतरावांच्या पुढं कुणी नाही. एक मतदारसंघ, एक पक्ष आणि ११ विजय, एवढं पुरेसं मोठं आहे.

‘हे खरे आहे काय?’

विरोधी आमदाराच्या हातात असतं तरी काय? तिजोरी नसते, बदल्या नसतात, फाइलवर सही नसते. असतो तो प्रश्न विचारण्याचा हक्क, आणि हा हक्क आपण समजतो त्यापेक्षा बराच धारदार आहे.

विधिमंडळाची वर्षाला साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला. प्रश्नोत्तराचा तास ठरलेला असतो. आमदारानं आधीच लेखी दिलेले प्रश्न निवडले जातात, त्यांची छापील यादी निघते. ज्या प्रश्नावर तारांकन असतं त्याला मंत्र्यानं सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं असतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. बिनताऱ्याच्या प्रश्नाला लेखी उत्तर.

या यादीची भाषा वाचण्यासारखी असते. प्रश्न असा सुरू होतो : ‘(१) अमुक तालुक्यातील तमुक तलावाचे काम गेल्या काही वर्षांपासून बंद आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्याची कारणे काय आहेत, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ समोर उत्तर छापलेलं असतं : ‘(१) हे अंशतः खरे आहे.’ किंवा ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’

वरवर कोरडी वाटणारी ही भाषा, पण तिच्यामागं यंत्रणा हलते. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याला त्या प्रश्नासाठी जिल्ह्याकडून माहिती मागवावी लागते. जिल्हा तालुक्याला विचारतो, तालुका उपविभागाला. तलावाचं काम बंद असेल तर बंद का, हे कुणाला तरी कागदावर लिहून द्यावं लागतं. चुकीचं लिहिलं आणि उपप्रश्नात आमदारानं ते उघडं पाडलं, तर मंत्र्याची अडचण होते, आणि मंत्र्याची अडचण शेवटी त्या अधिकाऱ्याच्या गळ्यात येते. म्हणून तयारीनं येणाऱ्या आमदाराच्या प्रश्नाला सचिवालय बिचकून असतं. मंत्र्यानं सभागृहात ‘सहा महिन्यांत काम पूर्ण करू’ म्हटलं, की ते वाक्य आश्वासन म्हणून नोंदलं जातं. अशा आश्वासनांचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना असते, अर्धा तास चर्चा असते, अर्थसंकल्पातल्या मागणीवर कपात सूचना असते. ही हत्यारं सगळ्यांना सारखीच मिळतात. ती चालवायला कशी आणि कधी, हे कळायला मात्र वर्षं जातात.

इथं दीर्घ कारकिर्दीचा पहिला खरा उपयोग दिसतो. मंत्री बदलतो, सचिव बदलतो, कलेक्टर तर दोन-तीन वर्षांत जातोच. एखाद्या योजनेचा मूळ आराखडा कसा होता, त्यातून कुठली गावं कधी आणि का वगळली गेली, १५ वर्षांपूर्वीच्या मंत्र्यानं सभागृहात काय शब्द दिला होता, हे लक्षात ठेवणारा माणूस समोर बसलेला असेल तर सरकारला भूतकाळ झटकून टाकता येत नाही. गणपतरावांच्या बोलण्याला सत्ताधारी बाकांवरही मान होता तो त्यामुळं. ते अभ्यास करून बोलायचे, आवाज न चढवता बोलायचे आणि आकडा सांगितला तर तो पडताळून सांगितलेला असायचा.

१९७७-७८मध्ये ते विरोधी पक्षनेते होते. नवी विधानसभा भरली की आमदारांना शपथ देण्यासाठी राज्यपाल एका ज्येष्ठ सदस्याला हंगामी अध्यक्ष नेमतात. नियमित अध्यक्ष निवडला जाईपर्यंतचं हे काम दिवस-दोन दिवसांचंच, पण मानाचं. तेही त्यांच्याकडं एकाहून अधिक वेळा आलं.

काम मागण्याचा हक्क, आणि डाळिंब

ते मंत्री झाले दोन काळांत. एकदा १९७८ला शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात, जे फेब्रुवारी १९८०मध्ये केंद्रानं बरखास्त केलं. दुसऱ्यांदा १९९९ला विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. तेव्हा त्यांच्याकडं पणन आणि रोजगार हमी ही खाती होती. पन्नासेक वर्षांच्या आमदारकीत मंत्रिपदाची वर्षं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच.

रोजगार हमी हे खातं त्यांच्या हाती यावं हे मला फार योग्य वाटतं, कारण सांगोल्यासारख्या तालुक्याला या योजनेचं मोल पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार नाही असं कळतं. ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना महाराष्ट्रानं देशाला दिली. वि. स. पागे यांनी ती मांडली. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला गेली, आणि या कामांवर किती कुटुंबं जगली ते सगळ्यांनी पाहिलं. १९७७ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदाराच्या पावतीवर दर महिन्याला जो व्यवसाय कर कापलेला दिसतो, तो मुळात या योजनेसाठी सुरू झाला. शहरातल्या नोकरदारानं आपल्या पगारातून दुष्काळी भागातल्या मजुराची हमी भरायची, असं ते नातं होतं. केंद्राचा रोजगार हमी कायदा आला २००५ला, म्हणजे महाराष्ट्रानंतर २५ वर्षांहून जास्त काळानं.

१९९०च्या सुमारास या योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. आपल्याच रानात खड्डे घ्यायचे, कलमं लावायची, पाणी घालून जगवायची आणि त्या मजुरीचं, कलमांचं अनुदान रोजगार हमीतून मिळायचं. अल्पभूधारक शेतकऱ्याला बाग लावायची तर सुरुवातीची तीन-चार वर्षं उत्पन्न नसतं, तेवढ्या काळात तो मोडून पडतो. ती वर्षं या अनुदानानं भरून काढली. सांगोल्याची हलकी, मुरमाड जमीन आणि कोरडी हवा डाळिंबाला मानवते. ज्वारी-बाजरीच्या रानात डाळिंबाच्या ओळी उभ्या राहिल्या, ठिबकच्या नळ्या अंथरल्या गेल्या. सांगोल्याचं डाळिंब परदेशात जाऊ लागलं. पुढं तेल्या रोगानं आणि मर रोगानं बागांचं वाटोळं केलं, कित्येकांनी झाडं उपटून टाकली, तो भाग वेगळाच आहे. पण बाग म्हणजे नदीकाठच्या बागायतदाराची मिरास, ही समजूत या तालुक्यात मोडली.

सूतगिरणीची गोष्टही इथंच सांगतो. सांगोला काही कापसाचा तालुका नव्हे. तरीही तिथं शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. सहकारी गिरणी चालते कशी? शेतकऱ्यांचं भागभांडवल, सरकारचा वाटा, वित्तीय संस्थांचं कर्ज. बाहेरून कापूस घ्यायचा, चात्यांवर सूत कातायचं, सोलापूर-इचलकरंजीसारख्या माग असलेल्या गावांच्या बाजारात विकायचं. नफा फार थोडा असतो, आणि कापूस खरेदीत किंवा भरतीत कुणी हात मारला की गिरणी बसते. राज्यात कित्येक सहकारी गिरण्या अशाच बसल्या, काहींच्या आता नुसत्या चिमण्या उभ्या आहेत. सांगोल्याची गिरणी चालत राहिली. शेतात काम नसलेल्या तालुक्यात पाळीचा भोंगा वाजणं आणि महिन्याला पगार होणं याची किंमत तिथल्या घरांना विचारावी.

पाणी

खरी गोष्ट पाण्याची आहे. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूनं येतं.

पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात. महाबळेश्वरात धो धो कोसळतो तो पाऊस, पण तिथून पूर्वेकडं शंभर-दीडशे किलोमीटरवर आलं की आभाळ नुसतं भरून येतं आणि निघून जातं. हा पर्जन्यछायेचा पट्टा. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, मंगळवेढा, सांगोला हे सगळे त्यातले. माण नदी सांगोल्यातून जाते, पण वर्षातले बरेच महिने तिच्यात वाळूच असते.

मग पाणी आणायचं कुठून? एक वाट नीरेची. वीर धरणातून नीरा उजवा कालवा निघतो आणि फलटण, माळशिरस करत पंढरपूर-सांगोल्याकडं येतो. सांगोला आहे त्या कालव्याच्या शेवटाला. पाटबंधारे खात्याच्या भाषेत याला ‘टेल’ म्हणतात. टेलला शेत असणं म्हणजे काय, ते ज्याचं आहे त्यालाच कळतं. कालव्यात पाणी सुटलं की तोंडाशी असलेले ऊसवाले आधी घेतात, आडवं भरतात, वाटेत गळतं, मुरतं, रात्री मोटारी टाकून उपसलं जातं. शेवटच्या चारीपर्यंत, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या छोट्या पाटापर्यंत, येईतो आवर्तनाचे, म्हणजे त्या पाळीत पाणी सोडायचे, दिवस संपलेले असतात. कागदावर मात्र त्या शेतकऱ्याचं शिवार ‘लाभक्षेत्रात’ असतं. म्हणून पाणी आधी टेलला द्या आणि मग वर भरत या, म्हणजे ‘टेल टू हेड’, ही मागणी अशा तालुक्यांची जीव की प्राण असते.

दुसरी वाट कृष्णेची, आणि ती चढणीची. कृष्णा खालून वाहते, दुष्काळी पठारं वर आहेत. पाणी आपोआप वर चढत नाही, म्हणून उपसा सिंचन. कराडजवळ टेंभू गावापाशी कृष्णेचं पाणी अडवायचं, मोठ्या पंपांनी उचलून वरच्या पातळीवर सोडायचं, तिथून कालव्यानं पुढं न्यायचं, पुन्हा उचलायचं. असे टप्पे करत करत सातारा, सांगली ओलांडून पाणी सोलापूर जिल्ह्यात सांगोल्यापर्यंत आणायचं. पाण्याच्या प्रत्येक थेंबाला वीज लागते. आज उपसा योजनांच्या वीजबिलातला ८१ टक्के वाटा सरकारनं आणि १९ टक्के लाभधारकांनी उचलायचा असं सूत्र आहे. ते ठरण्याआधी बिल थकलं की पंप बंद, अशी रडकथा दर उन्हाळ्यात असायची. आणि इथंही सांगोला टेललाच.

आता यात एक आमदार काय करणार? आज आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी मिळतात. त्यातून रस्ते होतील, शाळाखोल्या होतील. टेंभूसारखी योजना हजारो कोटींची. तिच्यासाठी तीन जिल्ह्यांचं राजकारण जुळावं लागतं, नदीच्या पाण्याचा आंतरराज्य वाटा मोकळा असावा लागतो आणि २५-३० वर्षं दर अर्थसंकल्पात तरतूद पडावी लागते. पाच वर्षांच्या मुदतीत हे काम बसतच नाही.

कृष्णेच्या पाण्याचा वाटा बच्छावत लवादानं ठरवला होता. महाराष्ट्राला ५६० टीएमसी. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २०००नंतर होऊ शकत होता. तोवर आपल्या वाट्याचं पाणी अडवून वापरात आणलं नाही तर पुढच्या वाटणीत ते हातचं जाईल, ही धास्ती नव्वदच्या दशकात सगळ्यांना होती. दुष्काळी तालुक्यांनी हा धागा बरोबर पकडला. १९९३ला आटपाडीत पाणी परिषद भरली. तिच्यामागं उभे होते वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, ज्यांनी तरुणपणी प्रतिसरकारच्या लढ्यात इंग्रजांशी झुंज दिली होती. त्यांच्यासोबत गणपतराव आणि डॉ. भारत पाटणकर. सातारा, सांगली, सोलापूरच्या १३ दुष्काळी तालुक्यांतली माणसं ट्रक-ट्रॅक्टरनं आटपाडीला येऊ लागली, आणि पुढं दर वर्षी येत राहिली. मागणी साधी होती : कृष्णेच्या पाण्यावर आमचाही हक्क आहे, आणि पाणी वाटायचं ते समन्यायी वाटा. ज्याच्याकडं जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता. कुटुंबाला जगण्यापुरतं पाणी मिळालंच पाहिजे, मग त्याची जमीन थोडी असो.

१९९६ला कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं, रोखे काढून पैसा उभा राहिला आणि कागदावरच्या योजनांची कामं सुरू झाली. पैशांचा ओघ पुढं आटला, कामं रखडली, काही ठिकाणी पंपगृह तयार आणि कालवा अर्धवट अशी स्थिती वर्षानुवर्षं राहिली. तरी परिषदा थांबल्या नाहीत, सभागृहातले प्रश्न थांबले नाहीत. टेंभूचं पाणी शेवटी माणच्या पात्रात पडलं आणि कोल्हापुरी बंधारे भरू लागले. पिण्याच्या पाण्याची शिरभावीची प्रादेशिक योजना त्याआधीच तालुक्यातल्या कितीतरी गावांत पोहोचली होती.

गणपतरावांच्या कारकिर्दीवरचा सगळ्यात टोकदार आक्षेपही याच जागी येतो, आणि तो टाळून चालणार नाही. पन्नास वर्षं एकच आमदार, मग तालुका तहानलेला का राहिला? सत्ताधारी पक्षाचा आमदार असता तर पाणी लवकर आलं नसतं का? विरोधकांनी हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत विचारला. माझं उत्तर असं, की शेजारच्या कित्येक दुष्काळी तालुक्यांनी सत्ताधारी पक्षाचे आमदार निवडून दिले आणि तेही तितकेच कोरडे राहिले. पाणी कुठं जातं हे एका आमदाराच्या पक्षापेक्षा ऊस आणि साखर कारखाने कुठं आहेत यावर जास्त ठरत आलंय. पण आक्षेपातलं एक खरं आहे. पाणी आलं तेव्हा एक अख्खी पिढी ऊसतोडीला, मुंबईच्या गोदीला, सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्याला जाऊन म्हातारी झाली होती.

१९२ मतं

१९९५ची निवडणूक गणपतराव हरले ती १९२ मतांनी. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील जिंकले, जे २०२२ला झाडी-डोंगराच्या त्या फोन संभाषणामुळं महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. आपल्या पद्धतीत एक मत जास्त मिळालं तरी जागा पूर्ण मिळते आणि एक मत कमी पडलं तरी हातात काही उरत नाही. तेहतीस वर्षांच्या कामानंतर १९२ मतं म्हणजे फार तर एखाद्या वाडीचं मतदान.

मला या हारेत रस आहे तो वेगळ्या कारणानं. १९९५ ते १९९९ हीच ती वर्षं, जेव्हा कृष्णा खोऱ्याचे मोठे निर्णय होत होते. त्या काळात गणपतराव सभागृहात नव्हते. पाणी परिषदेत होते, आटपाडीच्या मांडवात होते, तालुक्यातल्या बैठकांत होते. चार-साडेचार वर्षांनी ते परत निवडून आले आणि थेट मंत्री झाले. सभागृहात जागा नसताना एखादा माजी आमदार काय करतो, यावरून तो जागेवर असताना काय करत होता हे बरंच कळतं, असं मला वाटतं.

पक्षाचं म्हणाल तर १९६७ला शेकापचे १९ आमदार होते. १९७८ला १३, १९९०ला ८, १९९९ला ५, २००४ला फक्त २. एवढ्या लहान पक्षातल्या आमदाराला फुटण्याचं आमंत्रण कायम असतं. पक्षांतरबंदी कायदा आला तोच मुळी १९८५ला. त्याआधीची २३ वर्षं गणपतरावांना अडवणारं काहीही नव्हतं. सकाळी शेकाप आणि संध्याकाळी काँग्रेस असं करून ते उजळ माथ्यानं मंत्री होऊ शकले असते. नंतरही प्रत्येक निवडणुकीआधी पक्ष बदलायची वाट उघडीच होती. सांगोल्याच्या मतदारानं हे पाहिलं होतं. गावातल्या वयस्क माणसाला विचारलं तर तो आबांच्या कामांची यादी सांगायच्या आधी ‘आबांनी झेंडा बदलला नाही’ हे सांगतो. आपण कुणाला मत दिलं ते पाच वर्षांनीही तिथंच सापडेल, एवढी खात्री मतदाराला फार कमी ठिकाणी मिळते.

२०१९ला त्यांनी वयामुळं उभं राहायचं नाही असं ठरवलं, तेव्हा ते ९३ वर्षांचे होते. त्यांचे नातू अनिकेत देशमुख उभे राहिले. समोर पुन्हा शहाजीबापू पाटील, या वेळी शिवसेनेकडून. अनिकेत ७६८ मतांनी पडले. आयुष्यभर घराण्यांच्या पक्षांविरुद्ध लढलेल्या माणसाच्या घरातच उमेदवारी जावी, हे मला खटकलं होतं, आजही खटकतं. पन्नास वर्षांत पक्षात दुसरी फळी उभी राहिली नाही, ही उणीव त्यांच्याही पदरात टाकावी लागते.

३० जुलै २०२१ला सोलापुरात गणपतराव गेले. २०२४च्या निवडणुकीत त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून सांगोल्यातून निवडून आले. २८८ जणांच्या सभागृहात ते पक्षाचे एकटेच आमदार आहेत. म्हणजे छापील यादीत सांगोल्याच्या तलावांचे, चाऱ्यांचे, आवर्तनांचे प्रश्न पुन्हा त्याच पक्षाच्या नावासमोर येतील, आणि कक्ष अधिकाऱ्याला पुन्हा जिल्ह्याकडं विचारणा करावी लागेल : टेलला पाणी पोहोचले नाही, हे खरे आहे काय?